पिंपांचा साक्षीदार

माझ्या वडिलांना ऐकू येत नाही, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात ओरडून बोलतात. इगतपुरीजवळच्या आमच्या गावात आई लोकांच्या खाचरांत भाताची लावणी करायची आणि आबा धरणाच्या कामावर खडी फोडायचे. लढाईवरून परत आलेला धडधाकट माणूस, पंचविशीचा, इंग्रजी आकडे वाचता येणारा. रेल्वेत लागायला गेला आणि कानाच्या तपासणीत पहिल्याच दिवशी बाहेर पडला. मग खडी. पावसाळ्यात तेही काम बंद. त्या चार महिन्यांत घरात नागलीची पातळ पेज, आणि पेजेच्या खरवडीवरून आम्हा तीन भावंडांत मारामाऱ्या.

मी तिसरीत असताना आम्ही नाशिक रोडला आलो. तिथे सरकारी कॉलन्या बांधायचं काम जोरात होतं. आबा विटा वाहायचे. मुकादम मागून हाक मारायचा आणि आबा वळले नाहीत की म्हणायचा, "ए नेव्ही, समुद्रातून बाहेर ये!" बाकीचे हसायचे. आबाही हसायचे, कारण सगळे हसत आहेत एवढंच त्यांना दिसायचं.

तिथल्या मजुरांच्या वस्तीत राहून मी बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. आमच्या भावकीत कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आता एका हायस्कुलात शिकवते.

मी जो प्रवास सांगणार आहे तो फार लांबचा नाही. नाशिक रोड ते सटाणा, मध्ये ओझर. एसटीने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. आम्हाला चार दिवस लागले. एकाहत्तरच्या लढाईला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, पण आमचं काम त्याच्याही आधीच्या लढाईचं होतं.

आबा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या नेव्हीत होते. मालाच्या जहाजांचा तांडा निघाला की त्याच्या राखणीला छोटी लढाऊ जहाजं जायची, त्यातल्या एकावर. पाण्याखाली शत्रूची पाणबुडी असल्याचा संशय आला की जहाजाच्या शेपटीवरून दारूने भरलेली पिंपं समुद्रात सोडायची. पिंप बुडत जाणार आणि ठरवलेल्या खोलीवर फुटणार. "पन्नास फूट म्हणलं की पन्नासलाच," आबा म्हणायचे. लहानपणी मला ते खरं वाटायचं. आठवीत गेल्यावर मला शंका यायला लागली की बाप थापा मारतो. पाण्यात वात विझते. पिंपाला काय कळणार आपण किती खोल आलो ते?

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पाण्याचा दाब शिकवला. जेवढं खोल तेवढा दाब जास्त. मी तासानंतर सरांना विचारलं, "सर, या दाबावर चाप सुटेल असा बॉम्ब करता येईल का?" सर म्हणाले, "केलेला आहे की. डेप्थ चार्ज. किल्ली फिरवून पाणी आत शिरायचं भोक लहान-मोठं करतात. भोक मोठं तर लवकर फुटतो, लहान तर खोल जाऊन. आणि 'सेफ'वर किल्ली ठेवली तर फुटतच नाही."

बाप खोटं बोलत नव्हता तर. पण गोष्ट खरी असणं आणि आपला बाप त्या गोष्टीत असणं, ही दोन वेगळी कलमं आहेत. मला दुसऱ्या कलमाची शंका होती, आणि ती सरकारलाही होती.

पहिला दिवस: नाशिक

माजी सैनिकांच्या कामाचं जे ऑफिस आहे तिथे आबांचा अर्ज दोन वर्षं पडून होता. लढाईत अपंगत्व आलं असा दाखला त्यांना हवा होता. टेबलामागच्या कारकुनाने नेव्हीतून सुटल्याचा जुना कागद माझ्याकडे फिरवून ठेवला आणि बोटाने एक शब्द दाखवला. टोपास.

"बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. टोपास म्हणजे काय माहीत आहे का? जहाजावरचा झाडूवाला. संडास धुणाऱ्याला बॉम्बच्या जवळ कोण उभं करील?"

"काय म्हनतोय?" आबांनी विचारलं. त्यांच्या उजव्या कानात काहीच नाही, डाव्यात थोडं शिल्लक आहे.

मी डाव्या कानाशी ओरडले, "म्हणतात, तुम्ही झाडू मारत होता!"

सगळं ऑफिस आमच्याकडे बघायला लागलं. आबा शांतपणे म्हणाले, "मारत व्हतोच की. सकाळी झाडू. घंटा झाली की पिंपं. घंटेला काय जात असती का? भटारी, न्हावी, समदेच पळायचे आपल्या जागंवर."

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "मी तुमच्यावर विश्वास ठेवून काय उपयोग? त्याच जहाजावरच्या एकाचं प्रतिज्ञापत्र आणा, की हा माणूस पिंपांवर होता. महिनाअखेर आणा. नंतर ही फाईल बंद होते, ती पुन्हा उघडत नाही."

महिनाअखेरीला दहा दिवस होते. बाहेर रसाच्या गाड्यावर बसून मी विचारलं, "पिंपांवर तुमच्याबरोबर कोण होतं?"

आबांनी ग्लास खाली ठेवला. "पगार."

"कोण पगार?"

"रंगनाथ पगार. सटाण्याकडचा. पन तो न्हाय सांगनार."

"का?"

"न्हाय सांगनार म्हनलं ना."

एवढ्या वर्षांत हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. जहाजावरच्या मांजराचं नाव आम्हा पोरांना पाठ होतं, आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. माझ्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

दुसरा दिवस: ओझर

दुसरा साक्षीदार नव्हता, म्हणून मी पगारांकडेच जायचं ठरवलं. त्यांचा पत्ता आबांना ठाऊक नव्हता. पण जहाजावरचा भटारी इस्माईल ओझरला मुलाकडे राहतो, एवढं ठाऊक होतं. मुलगा विमानांच्या कारखान्यात. कॉलनी अशी आखीव की आमच्या वस्तीतला माणूस तिथे रस्ता चुकावा. आम्ही तीनदा एकाच पाण्याच्या टाकीपाशी आलो. डोक्यावरून विमान इतकं खालून गेलं की मी कान दाबून खाली बसले. आबा उभेच. "गेलं का?" असं त्यांनी मला विचारलं.

इस्माईलचाचा मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांनी आबांना मिठी मारली, आणि सुनेला सांगून आम्हाला खिमा आणि तांदळाची भाकरी वाढायला लावली. आमच्याकडे भात खातात, तांदळाची भाकरी सणालाही होत नाही. मी तीन खाल्ल्या. आबा हात धुवायला मोरीवर गेले तसे चाचा माझ्याजवळ सरकले.

"पगारचा पत्ता देतो बेटी. पण एक सांगू? त्या दोघांना समोरासमोर बसवू नकोस."

"चाचा, का ते सांगा. माझ्या घरात कोणी सांगत नाही."

त्यांनी मोरीकडे बघून घेतलं. "आमच्या जहाजाला टॉर्पेडो लागला. सकाळची वेळ. जहाज सोडायचा हुकूम झाला. जहाज बुडायच्या आधी शेपटीवरच्या पिंपांच्या किल्ल्या 'सेफ'वर फिरवायच्या असतात, नाहीतर जहाजाबरोबर पिंपं खाली जाणार आणि फुटणार. आणि वर पाण्यात आपलीच माणसं पोहत असणार. समजतंय ना?"

मला समजलं. दाबाचा नियम शत्रूचं पिंप आणि आपलं पिंप असा भेद करत नाही.

"आमचं एक फुटलं," चाचा म्हणाले. "अंगावर ओरखडा नाही आणि माणसं मेली, पोटातल्या पोटात. तुझा बाप तराफ्यावर चढला होता म्हणून वाचला. रोजच्या धमाक्यांनी अर्धे गेलेले कान तिथेच संपले. शेपटीवर दोघंच होते, तुझा बाप आणि पगार. एकाने किल्ली फिरवली नाही. कोणी, ते अल्लाला माहीत."

"तुम्हीच का नाही प्रतिज्ञापत्र देत, आबा पिंपांवर होते म्हणून?"

"मी पुढच्या टोकाला होतो. पाहिलं नाही ते शपथेवर कसं सांगू?"

आबा पंचाला हात पुसत आले. माझा चेहरा बघून त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा ताटं उचलायला लागले. बहिऱ्या माणसाला खोलीत काय बोललं गेलं हे कळत नाही, पण बोलणं बंद का झालं हे बरोबर कळतं.

तिसरा दिवस: भावडबारी

सटाण्याच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि सोग्रस फाट्यापर्यंत बाहेरच बघत राहिले. बाहेर कांद्याच्या चाळी, मोकळी रानं, लांबवर सातमाळ्याच्या डोंगराचे सुळके. दुसऱ्या वेळी मला ते आवडलं असतं. मी मनात एकच हिशेब लावत होते. बाप म्हणतो पगार सांगणार नाही. पगारने काही केलं असेल तर तो सांगणार नाही. पण बापाने काही केलं असेल, तरी बाप असंच म्हणेल.

भावडबारीच्या घाटात इंजिन उकळलं. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि कंडक्टर डबा घेऊन पाणी शोधायला गेला. आम्ही सगळे उतरलो. एका बाईने टोपलीतल्या काकड्या वाटल्या. आबा दगडावर बसून काकडी खात होते, निवांत. माझ्याने राहवलं नाही. मी डाव्या कानाशी वाकले आणि विचारलं, "आबा, किल्ल्या फिरवल्या होत्या का तुम्ही?"

हळू विचारायची सोय आमच्या घरात नाही. पन्नास माणसांनी माना वळवल्या.

आबांनी काकडी चावायची थांबवली. "इस्माईल बोलला व्हय?"

"फिरवल्या होत्या का?"

"सहा," आबा म्हणाले. "उजव्या अंगाला सहा व्हती, सहाच्या सहा फिरवली. रोज मोजतो मी. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. अजून एकदा बी पाच झाली न्हाईत."

"मग कोणाची राहिली?"

"डाव्या अंगाला पगार व्हता."

गाडी सुरू व्हायची वाट बघणारा एक पागोटेवाला म्हातारा मध्येच म्हणाला, "कसल्या किल्ल्या हरवल्या, ताई?" मी त्याला "घराच्या" म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मग कुलूप फोडा की."

सटाण्याला पोचायला दुपार झाली. खानावळीत शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी घेतली. शेवभाजी इतकी तिखट की आबांचं नाक वाहायला लागलं. आमच्या इगतपुरीकडे भाजीत पाणी आणि मीठ घातलं की झालं. इकडची माणसं मसाल्यात भाजी घालतात. तिथून पगारांचं गाव तीन मैल. बैलगाडी मिळाली.

घर मातीचं पण टापटीप. ओट्यावर एक बाई कांदे निवडत होती. आम्हाला बघून तिने पदर घेतला.

"कोठीन उनात तुम्ही?" कुठून आलात, असं ती विचारत होती. अहिराणी मला बेताचीच कळते. मी सांगितलं, नाशिकहून, रंगनाथराव पगारांना भेटायला.

"बठा ना मग. पानी पेवा."

आतून एक उंच, सरळ म्हातारा आला. डोक्यावर पांढरी टोपी, मिशा पिळलेल्या. त्याने आबांकडे पाहिलं आणि लगेच नजर माझ्याकडे वळवली. माझ्या खांद्याला पिशवी, पिशवीत फाईल, फाईलला लाल फीत. त्याला मी सरकारी वाटले असणार.

"रंगनाथराव, मी यांची मुलगी. तुम्ही यांना ओळखता ना?"

"हां, हां," तो म्हणाला.

"तुम्ही दोघं एका जहाजावर होता?"

"हां, हां."

"पिंपांवर बरोबर होता?"

"हां. पाऊस नाही अजून."

मी वही मिटली. असली माणसं मी ऑफिसांतून खूप पाहिली आहेत. सगळ्याला हो म्हणायचं आणि कशालाच हो म्हणायचं नाही. इतक्यात पगारकाकू चहा घेऊन आल्या. नवऱ्याला पितळी, आम्हा दोघांना काचेचे पेले. मी पेल्याकडे बघत राहिले. आमच्यासारख्यांना वेगळा कप काही घरांत अजूनही वळचणीला असतो, तो मी लहानपणी भरपूर पाहिला आहे. पेला उलटा करून बुडावर काही खूण आहे का बघावं असं मला वाटलं. आबांनी माझा हात दाबला. "पी. गरम हाय." मी प्यायले, पण संशय गेला नाही. तो पुढे संध्याकाळी गेला, शेजारची पाटलीण आली आणि तिलाही त्यातलाच पेला मिळाला तेव्हा.

आबा मात्र चहा पीत नव्हते. ते पगारांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग मला म्हणाले, "सुमन, त्याला काय विचारू नको. तो तुझ्या व्हटाकडं बघतोय. बहिरा हाय तो."

"हाऊ काय बोलस?" हा काय बोलतोय म्हणून काकू चपापल्या. मागाहून कळलं, त्यांनी हे गावापासून तीस वर्षं लपवलं होतं. पगार शाळेत शिपाई होते. घंटा घड्याळ बघून द्यायचे.

आबा उठले. ते पगारांच्या डाव्या बाजूला गेले, मग थांबले, वळसा घालून उजव्या बाजूला आले. जहाजाच्या डाव्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाचा कुठला कान आधी जाणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही. उजव्या कानाशी वाकून ते अशा आवाजात ओरडले की ओट्यावरच्या चिमण्या उडाल्या.

"पगार! किल्ल्या फिरवल्यास का?"

म्हाताऱ्याचं अंग ताठ झालं. तो आबांच्या कानाशी तितक्याच जोरात ओरडला, "फिरवल्या! सहाच्या सहा! तू?"

"सहाच्या सहा!"

"खोटं शे!"

"खोटं तू!"

अर्ध्या घटकेत गल्ली जमा झाली. पस्तीस वर्षं दोघांनी जे बायकांनाही सांगितलं नव्हतं ते आता सगळं गाव ऐकत होतं. झाडूवाला, पळपुटा, साहेबाचा कुत्रा, काय काय निघालं. पाटलीण माझ्या कानात म्हणाली, "जमिनीचं शे का?" मी म्हटलं, "नाही, पाण्याचं."

मला दोघांचाही संशय होता, आणि दोघांचाही राग आला होता. मी काकूंच्या सुपातले कांदे घेतले आणि अंगणात बसले. जमिनीवर नखाने जहाजाची शेपटी काढली, तिच्यावर पिंपं घरंगळवायचे दोन रूळ, जशी आबांनी आम्हाला लहानपणी काढून दाखवली होती तशी. "इकडे या," मी दोघांना खुणेने बोलावलं. "उजवीकडची पिंपं मांडा."

आबांनी सहा कांदे मांडले. पगारांनी डावीकडे सहा. मांडताना दोघांचं बोट प्रत्येक कांद्यावर असं वळत होतं, जणू वर किल्ली आहे. दोघांचीही सवय तीच, मनगटाचा वळसा तोच. हे शिकवून येत नाही. माझा बाप पिंपांवर होता. त्या क्षणी माझं दुसरं कलम निकालात निघालं, आणि मी मुद्दामच वर पाहिलं नाही, कारण डोळे भरले होते.

"बाराच होती?" मी आबांच्या कानाशी विचारलं, मग पगारांच्या.

"बारा," आबा म्हणाले.

 पगारांनी सुपातून आणखी एक कांदा उचलला. हातात धरून राहिले. मग तो दोन रुळांच्या बरोबर मध्ये ठेवला.

"चटगाव बंदरमा वाढवलं होतं," ते म्हणाले. "जादा पिंप. दोराने बांधलं होतं. साहेब बोलला, किल्ली लावून तयार ठेवा."

आबा कांद्याकडे बघत राहिले. "ते तुझं व्हतं."

"ते तुझं होतं. उजव्या रुळाकडे सरकलेलं होतं."

"डाव्याकडं."

"उजवीकडे तुझं, डावीकडे माझं, असं पहिल्या दिवशी ठरलेलं. मधलं कोणाचं, कोण बोललं?"

"कोन बोललं न्हाय," आबा म्हणाले.

 काकूंनी हातातला कांदा परडीत टाकला, त्याचा आवाजही ऐकू आला. अर्थात ज्यांना ऐकू येत होतं त्यांना. दोघं म्हातारे त्या एका कांद्याकडे बघत उकिडवे बसले होते. शेवटी पगार म्हणाले, "दोघांचं होतं." आबांनी मान डोलावली.

मी सायन्सवाली आहे. दोन माणसांची आठवण आणि तेरा कांदे याला मी पुरावा म्हणत नाही. तेच पिंप फुटलं असेल कशावरून? पण त्या दोघांना मी हे विचारलं नाही.

एक मात्र विचारलं. "आबांचं नाव कागदावर का नाही आलं?"

पगारांनी उत्तर आबांना दिलं, मला नाही. "चौकशी बसली. साहेबाने विचारलं, शेपटीवर कोण? मी बोललो, मी एकटा. तुझं नाव घेतलं असतं तर साहेब बोलला असता, झाडूवाल्याच्या हातात दिलं म्हणून माणसं मेली. तुले आत टाकला असता."

"मी म्हनायचो, माझं काम बी तूच घेतलंस," आबा म्हणाले.

"ते बी घेतलं," पगार म्हणाले.

यातलं खरं किती? आबांना वाचवलं म्हणायचं, की एकट्याने सगळी पिंपं सांभाळली अशी शाबासकी मिळवली म्हणायचं? भिंतीवर खलाशाच्या टोपीतला त्यांचा फोटो होता, हार घातलेला, माणूस जिवंत असताना. मी अजूनही ठरवू शकलेले नाही.

मग मी कामाचं बोलले. प्रतिज्ञापत्र. काकूंनी लगेच पगारांची बाही धरली. "सही नका करू. तव्हय एक सांगं, आते दुसरं सांगशात. नेव्हीनी पेन्सन जाई आपली." त्यांचं चूक नव्हतं. चौकशीत एक आणि शपथेवर दुसरं, याचं सरकार काय करील हे मला माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. पगार हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "जेवा आते," एवढंच.

जेवायला वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी, वर कच्चं तेल. दोन्ही म्हातारे एका ओळीला बसून मन लावून जेवले. मी मात्र प्रत्येक घासाला पगारांच्या तोंडाकडे बघत होते, ते उद्या काय करतील ते तिथे लिहिलेलं असल्यासारखं.

चौथा दिवस: सटाणा

सकाळी उठले तर पगार ओट्यावर नाहीत. काकू म्हणाल्या, "फटफट्तं गया त्या." उजाडताच निघून गेले. मी आबांना म्हटलं, "पळाला तुमचा पगार." आबांनी चपला घातल्या आणि सटाण्याची वाट धरली.

तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टंकलेखकाच्या टेबलाशी पगार बसले होते. इस्त्रीची टोपी, दाढी केलेली. टंकलेखक तरुण होता आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता.

"ताई, बरं झालं तुम्ही आल्या. हे बाबा सांगतात ते मला लिहिता येत नाहीये. टोपास म्हणजे काय लिहू? सफाई कामगार?"

"लिही," पगार म्हणाले. त्यांनी त्याच्या ओठांवरून ओळखलं होतं. "आणि पुढे लिही, घंटा झाली की उजव्या रुळावरचा पिंपवाला."

मी कागद मशीनमधून काढून वाचला. पुन्हा वाचला. कुठे पळवाट ठेवली आहे का, एखादा 'माझ्या आठवणीप्रमाणे' घुसवला आहे का, ते शोधलं. नव्हता. उलट शेवटी एक वाक्य होतं, जे मी मागितलं नव्हतं: चौकशीच्या वेळी मी एकटाच होतो असे सांगितले, ते खरे नव्हते.

मी त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि त्यांच्या उजव्या कानाशी म्हटलं, "काका, हे नसलं तरी चालेल. याचा त्रास तुम्हाला होईल."

"राहू दे," ते म्हणाले. "ते नाही लिहिलं तर पहिलं कोण खरं मानी?"

बरोबर होतं. मला सुचायला हवं होतं.

तहसीलदार साहेबांपुढे शपथ घेताना साहेबांनी विचारलं, "हे सर्व खरं आहे का?" पगार नुसते बघत राहिले. आबांनी पुढे होऊन त्यांच्या उजव्या कानाशी प्रश्न पोचवला. साहेब वैतागले. "साक्षीदाराला तुम्ही पढवताय का?" मी म्हटलं, "साहेब, दोघंही बहिरे आहेत. त्याचंच तर हे प्रतिज्ञापत्र आहे." साहेबांनी कागद पुन्हा जवळ ओढला, चष्मा लावला, पहिल्यापासून वाचला आणि सही केली.

स्टँडवर गाडीला वेळ होता. पगारांनी काकूंनी दिलेली कांद्याची पिशवी आबांच्या हातात दिली. आबांनी ती उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "मोजून दिलेस का?" पगारांना ऐकू गेलं नाही, पण ओठ वाचले असावेत. ते पहिल्यांदा हसले. गाडी सुटली तरी दोघांनी हात हलवला नाही; एकाने टोपी नीट केली, एकाने पिशवी.

महिनाअखेरीला तीन दिवस शिल्लक असताना मी ते प्रतिज्ञापत्र नाशिकच्या ऑफिसात दिलं आणि पोच घेतली. पोचेवरचा शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून पुन्हा मारून घेतला. पगारांना वरून एक पत्र आलं, खुलासा मागणारं. त्यांनी तो दिला आणि त्यांची पेन्शन चालू राहिली. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आबांना नवा दाखला मिळाला. त्यावर लिहिलं आहे की ते युद्धकाळात जहाजावर पाणबुडीविरोधी पिंपांच्या तुकडीत होते, आणि त्यांचं बहिरेपण त्या नोकरीत आलेलं आहे.